घरच्या आरओचे फिल्टर स्वतः बदलताना

सर्व्हिसवाला आला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "वर्ष झालं ना, पूर्ण किट बदलून टाकू." वर्ष झालेलं असतंच, पण त्या किटमधल्या पाच-सहा वस्तूंचं आयुष्य सारखं नसतं. पावसाळ्यात स्पन (गाळ अडवणारा पहिला फिल्टर) दोन महिन्यांत चिखलानं भरतो, तर त्याच मशीनमधलं मेंब्रेन (क्षार अडवणारा मुख्य फिल्टर) दोन-तीन वर्षं आरामात चालू शकतं. उलटही होतं. कडक बोअरच्या पाण्यावर मेंब्रेन वर्षाच्या आत बाद होतं आणि स्पन पांढराच राहतो. म्हणून कॅलेंडर बघून बदलण्यापेक्षा मोजून बदलणं स्वस्त पडतं आणि पाण्याचीही खात्री राहते. मोजायला टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, लिटरमागे मिलिग्रॅममध्ये) दाखवणारा मीटर, मिलिलिटरच्या खुणा असलेलं मापाचं भांडं आणि मोबाइलचं स्टॉपवॉच एवढं पुरतं.

आधी मशीनमधून पाणी कसं जातं ते बघू. भिंतीवरच्या नळाच्या कॉकमधून पाणी बाहेर टांगलेल्या दहा इंची हाउसिंगमध्ये, म्हणजे फिल्टरच्या डब्यात येतं. त्यात ५ मायक्रॉनचा पॉलिप्रॉपिलीनचा स्पन असतो. तिथून मशीनच्या आत सेडिमेंट (बारीक गाळाचा फिल्टर), मग कार्बन, पंप, मेंब्रेन. मेंब्रेनमधून दोन वाटा फुटतात: शुद्ध पाणी पोस्ट-कार्बन (मेंब्रेननंतरचा कार्बन), यूएफ (बारीक छिद्रांच्या कांड्यांचा फिल्टर) किंवा यूव्ही (जंतू मारणारा दिवा) यांच्याकडे आणि पुढे टाकीत, आणि क्षारांचं पाणी, म्हणजे वेस्ट, एफआरमधून (वेस्टचा प्रवाह रोखून धरणारा छोटा भाग) ड्रेनला. काही मशीनमध्ये पंप सेडिमेंटच्याही आधी असतो. हे आधी बघून घ्यावं, कारण पंपानंतरच्या सगळ्या जोडांवर चार-पाच किलोचा दाब असतो. तिथला सैल एल्बो (नळीचा काटकोनी जोड) थेंब थेंब गळत नाही, सरळ फवारा उडवतो. झाकण काढलं की कशालाही हात लावण्याआधी दोन-तीन बाजूंनी फोटो काढावेत. सगळ्या नळ्या पांढऱ्या, सगळे एल्बो सारखे. डोक्यावर भरवसा ठेवू नये.

काही उघडण्याआधी चार आकडे घ्यायचे: नळाच्या पाण्याचा टीडीएस, मेंब्रेनमधून निघणाऱ्या पाण्याचा टीडीएस, मिनिटाला किती शुद्ध पाणी पडतं आणि मिनिटाला किती वेस्ट पडतं. इथे एक खोच आहे. बहुतेक मशीनमध्ये टीडीएस कंट्रोलर नावाचा छोटा स्क्रू असतो. त्यातून थोडं न-गाळलेलं पाणी मुद्दाम शुद्ध पाण्यात मिसळतात, चवीसाठी. त्यामुळे तोटीचं पाणी मोजून मेंब्रेनचं काही कळत नाही. कंट्रोलर पूर्ण बंद करून, किंवा मेंब्रेनच्या शुद्ध पाण्याची नळी काढून थेट भांड्यात धरून मोजावं. पहिल्या दोन-तीन मिनिटांचं पाणी सोडून द्यायचं. मशीन बंद असताना क्षार मेंब्रेन ओलांडून हळूहळू पलीकडे झिरपतात, त्यामुळे सुरुवातीचा आकडा नेहमी जास्तच येतो.

समजा नळाचं ४८० आणि मेंब्रेनचं ३५ आलं. म्हणजे ४४५ अडवले, सुमारे ९३ टक्के. हा टक्का लक्षात ठेवायचा, ३५ नाही. उन्हाळ्यात सोसायटीत टँकर सुरू झाले, नळाचं पाणी ९६० वर गेलं आणि मेंब्रेनचं ७० आलं तर मेंब्रेन बिघडलेलं नाही, टक्का तोच आहे. अशा वेळी फक्त तोटीचा आकडा दाखवून "दुप्पट झालंय बघा" म्हणत मेंब्रेन विकलं जातं. टक्का ९० च्या वर असेल तर निवांत राहावं, ८५ च्या खाली उतरला की नवं मेंब्रेन आणायच्या तयारीला लागावं.

पाण्याच्या मापाचा हिशोब असा. मेंब्रेनवर ७५ जीपीडी लिहिलेलं असतं, म्हणजे दिवसाला ७५ गॅलन, साधारण २८४ लिटर. तासाला १२ लिटर, मिनिटाला २०० मिलि. हा आकडा २५ अंश तापमानाला धरलेला असतो. पाणी एका अंशानं थंड झालं की उत्पादन सुमारे ३ टक्क्यांनी घटतं. डिसेंबर-जानेवारीत गच्चीवरच्या टाकीचं पाणी १८ अंशांवर आलं तर मिनिटाला १६० मिलि पडणं अगदी रास्त आहे. थंडीत "पाणी हळू येतंय" म्हणून बदललेली कितीतरी मेंब्रेन फेकण्याच्या लायकीची नसतात.

आता हे आकडे एकत्र वाचायचे. शुद्ध आणि वेस्ट दोन्ही कमी झालं असेल तर अडथळा मेंब्रेनच्या आधी आहे: स्पन, सेडिमेंट, अर्धवट उघडणारा एसव्ही (विजेवर उघडणारा-बंद होणारा व्हॉल्व्ह) किंवा दमलेला पंप. शुद्ध कमी आणि वेस्ट जास्त असेल तर मेंब्रेनवर क्षार बसलेत, किंवा कुणीतरी जास्त आकड्याचा एफआर लावून ठेवलाय. वेस्ट जवळजवळ बंद आणि टीडीएस चढलेला असेल तर एफआर तुंबलाय. हे सगळ्यांत घातक, कारण क्षार बाहेर पडायची वाटच बंद होते आणि चांगलं मेंब्रेनही बघता बघता बाद होतं. आणि शुद्ध पाणी नेहमीपेक्षा जास्त पडतंय, सोबत टीडीएसही वाढलाय, तर खूश होऊ नये. मेंब्रेनच्या थराला क्लोरीननं खाल्लंय, किंवा आतली ओ-रिंग (गोल रबरी कडी) निसटलीय.

क्लोरीनचा मुद्दा जरा सविस्तर सांगण्यासारखा आहे. आयएस १०५०० या मानकानुसार निर्जंतुक केलेल्या नळाच्या पाण्यात ग्राहकाच्या टोकाला लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावं. पाण्यासाठी ते चांगलंच आहे, पण मेंब्रेनचा पॉलिअमाइडचा थर त्यानं विरत जातो आणि तो परत दुरुस्त होत नाही. मेंब्रेनच्या आधीचा कार्बन मुख्यतः यासाठीच आहे. लोकांना वाटतं कार्बन म्हणजे चव आणि वास. मशीनच्या दृष्टीनं तो मेंब्रेनचा राखणदार. तो संपलाय का, हे ओळखायला ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक वापरतो तीच ओटीची (ऑर्थोटोलिडीन, क्लोरीन तपासायचा द्रव) बाटली घ्यावी. कार्बनच्या बाहेरचं थोडं पाणी पांढऱ्या कपात घ्यायचं आणि बाटलीवर सांगितलेत तेवढे थेंब टाकायचे. पिवळी झाक आली की कार्बन संपला. तुलनेसाठी शेजारच्या कपात थेट नळाचं पाणी ठेवावं. तेही पिवळं झालं नाही तर त्या दिवशी पाण्यात क्लोरीनच नव्हतं आणि चाचणीला अर्थ नाही. तपासलेलं पाणी मोरीत ओतायचं, ते रसायन विषारी आहे. लहान मुलांच्या हाताला बाटली लागू देऊ नये.

बोअरच्या पाण्यात क्लोरीन नसतं, मग कार्बन बदलायचाच नाही का? बदलायचा, पण कारण वेगळं. क्लोरीन नसलेल्या पाण्यात कार्बनच्या दाण्यांवर जिवाणूंचा बुळबुळीत थर वाढतो. तिथे मात्र वर्षाचा नियम पाळलेला बरा.

आता प्रत्यक्ष काम. जवळ ठेवायचं ते असं: हाउसिंगचा मोठा पाना आणि मेंब्रेनच्या डब्याचा छोटा पाना (दोन्ही प्लॅस्टिकचे, फिल्टरचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानात मिळतात), धारदार ब्लेड, टेफ्लॉन टेप, पक्कड, एक बादली, एक तसराळं, जुनी फडकी, मार्कर. कॉक बंद करायचा आणि मशीन मिनिटभर तशीच चालू ठेवायची म्हणजे नळीतला दाब उतरतो. मग बटण बंद करून प्लग सॉकेटमधून बाहेर. आत २४ व्होल्टच असले तरी अॅडॉप्टरकडे २३० येतात, आणि इथे हात ओले असतात.

हाउसिंगपासून सुरुवात. हाउसिंगच्या डोक्यावर, म्हणजे वरच्या झाकणावर, लाल बटण असेल तर ते दाबून उरलेला दाब सोडायचा. बाऊल (खालचा डबा) खालून वर बघताना घड्याळाच्या उलट फिरवायचा. हलत नसेल तर नव्वद टक्के वेळा दाब उरलेला असतो. पान्यावर लटकण्याआधी पुढची नळी मोकळी करून बघावी. बाऊल भरलेला असतो, सरळ धरून तसराळ्यात उतरवायचा.

जुना स्पन फेकण्याआधी ब्लेडनं आडवा कापून बघावा. पाच मिनिटांचं काम आहे आणि पाण्याबद्दल त्यातून बरंच कळतं. चांगल्या स्पनमध्ये बाहेर गर्द तपकिरी, आत येता येता फिकट होत जाणारा रंग दिसतो आणि मधल्या भोकाजवळ तो पांढरा असतो. म्हणजे थराथरानं गाळ अडकलाय. बाहेरची साल काळपट आणि आत एकदम पांढरं असेल तर वरचा थर लवकर बंद झालाय, अशा पाण्याला आधी १० मायक्रॉनचा स्पन लावून मग ५ चा लावलेला परवडतो. आणि मधल्या भोकाच्या कडेपर्यंत तपकिरी पोचलं असेल तर स्पन फार दिवस राहिला किंवा दोन टोकांना नीट बसलेला नव्हता. अशा वेळी पुढचा सेडिमेंटही त्याच बैठकीत बदलायचा. कडेला केशरी, गंजासारखी छटा असली तर पाण्यात लोह आहे. बाहेरून बोटाला बुळबुळीत लागत असेल तर बाऊल पारदर्शक आहे आणि त्यावर ऊन पडतंय का ते बघा. शेवाळ तिथूनच येतं.

बाऊल ब्रशनं आणि साध्या पाण्यानं धुवायचा, साबण नको. ओ-रिंग खाचेतून काढून पुसायची, खाचेतली रेतीही पुसायची आणि रिंग पीळ न पडता परत बसवायची. चपटी झालेली किंवा चिरलेली असेल तर नवीन टाकायची. नव्या स्पनवरचं प्लॅस्टिक काढायला विसरू नका. हे सांगायला लागू नये, पण "फिल्टर बदलला आणि पाणीच बंद झालं" या तक्रारीमागे अनेकदा ते प्लॅस्टिकच असतं. स्पन तळाच्या उंचवट्यावर मधोमध बसतो. बाऊल वर चढवताना तो तिरका झाला तर न गाळलेलं पाणी कडेनं पुढे जातं. बाऊल हातानं घट्ट, मग पान्यानं पाव आटा. त्याहून जास्त आवळलं तर गळती थांबत नाही, हाउसिंगच्या डोक्याला चीर मात्र जाते.

आतले इनलाइन फिल्टर, म्हणजे सेडिमेंट आणि कार्बन. त्यांच्यावर बाण असतो, पाण्याच्या दिशेचा. पुश-फिट जोडातून नळी काढताना निळी क्लिप आधी काढायची, मग जोडाच्या तोंडावरची छोटी रिंग दोन बोटांनी सरळ आत दाबून धरायची आणि दुसऱ्या हातानं नळी ओढायची. रिंग न दाबता ओढली तर आतले दात नळीवर ओरखडे काढतात, आणि पुढे नेमकं तिथूनच गळतं. नळीचं टोक ओरखडलेलं असेल तर सेंटीमीटरभर ब्लेडनं काटकोनात कापून टाकावं. कात्रीनं कापलं की टोक दबून लंबगोल होतं. परत घालताना नळी पहिल्यांदा अडते तिथे थांबायचं नाही. आणखी थोडा जोर लावला की ती ओ-रिंग ओलांडून खाली टेकते. मग उलट ओढून बघायची.

आट्याचे एल्बो नव्या फिल्टरवर चढवताना टेफ्लॉन पाच-सहा वेढे, घड्याळाच्या दिशेनं, पहिला आटा मोकळा सोडून. पहिल्या आट्यावर टेप आली तर तिचा तुकडा तुटून पुढे एसव्हीत किंवा एफआरमध्ये अडकतो, आणि मग आठवड्यानं वेगळाच बिघाड शोधत बसावं लागतं. एल्बो हातानं बसवायचा. फिल्टरची तोंडं प्लॅस्टिकची असतात, पक्कड लावली की केसाएवढी भेग पडते, आणि ती दाब आल्यावरच दिसते.

नवा कार्बन थेट मेंब्रेनला जोडू नये. त्यातून सुरुवातीला काळं पाणी येतं, कार्बनची बारीक भुकटी असते ती, आणि मेंब्रेनच्या तोंडावर जाऊन बसली की निघत नाही. कार्बनची बाहेरची नळी बादलीत सोडून पाणी पूर्ण स्वच्छ दिसेपर्यंत वाहू द्यावं. पाच ते दहा लिटर लागतात. मशीनमधला एसव्ही बंद असताना पाणी पुढे येत नाही, म्हणून सोपा उपाय असा: हाउसिंगच्या बाहेर पडणारी नळी तात्पुरती थेट कार्बनला जोडायची आणि नळाच्या दाबानंच तो धुवून घ्यायचा. सगळ्यांत वरच्या मजल्यावर, गच्चीवरची टाकी डोक्यावरच असली तर दाब जेमतेम असतो, धार बारीक येते. थांबायचं, घाई नाही.

मेंब्रेन हे सगळ्यांत नाजूक काम, आणि चुकतंही तेच जास्त. डब्याच्या एका टोकाला आटे असलेलं झाकण आणि एकच नळी, ती पाणी आत येण्याची. दुसऱ्या टोकाला दोन तोंडं: मधलं शुद्ध पाण्याचं, कडेचं वेस्टचं. मधल्या एल्बोमध्ये बहुतेक वेळा चेक व्हॉल्व्ह असतो, टाकीकडचं पाणी उलट येऊ नये म्हणून. हे दोन एल्बो एकमेकांच्या जागी लावू नयेत. झाकण छोट्या पान्यानं उघडायचं. जुनं मेंब्रेन क्षारांनी चिकटलेलं असतं. मधल्या प्लॅस्टिकच्या दांड्याला पक्कड लावून, थोडं पिळत, सरळ ओढायचं. आत चिंध्या किंवा रबराचा तुकडा राहिला नाही ना, हे टॉर्चच्या उजेडात बघायचं.

नवं मेंब्रेन पाकिटातून काढताना हात धुतलेले हवेत. शक्यतो पाकीट अर्धंच फाडून, त्यातूनच धरून आत सरकवावं. त्याला एका टोकाच्या दांड्यावर दोन छोट्या काळ्या ओ-रिंग असतात. ते टोक आधी आत. दुसऱ्या टोकाला अंगाभोवती जाड रबरी पट्टा असतो, तो झाकणाच्या बाजूला येतो. त्या पट्ट्याची ओठासारखी कड येणाऱ्या पाण्याकडे, म्हणजे झाकणाकडे उघडलेली हवी. दाब आला की ती फुगून डब्याला चिकटते, आणि पाणी बाजूनं निसटण्याऐवजी मेंब्रेनच्या गुंडाळीतून जातं. आत सरकवताना पट्टा दुमडला तर काढून परत घालायचं. शेवटच्या सेंटीमीटरला अडकल्यासारखं वाटतं. तिथे दोन्ही ओ-रिंग बसायच्या असतात. अंगठ्यानं, किंचित फिरवत, ठाम दाबायचं. इथे अर्धवट सोडलं तर नव्या मेंब्रेनमधूनही नळाच्या जवळपासचा टीडीएस मिळतो, आणि दोष "डुप्लिकेट माल" म्हणून दुकानदारावर जातो. ओ-रिंग कोरड्या असतील तर साध्या पाण्यानं ओल्या कराव्या. खाण्याचं तेल किंवा व्हॅसलिन लावू नये.

मेंब्रेनसोबत एफआर बदलायचाच. मेंब्रेनच्या मानानं त्याची किंमत काहीच नाही, आणि जुन्यात क्षार साचलेले असतात. त्यावर आकडा असतो, मिनिटाला किती मिलि वेस्ट जाऊ द्यायचं याचा: ३००, ४५०, ५५०. मशीनमध्ये होता तोच आकडा आणावा. पाणी वाचवायचं म्हणून कमी आकड्याचा बसवला तर मेंब्रेन लवकर बाद होतं. कडक पाण्याला जास्त वेस्ट लागतंच. ते पाणी फरशी पुसायला, संडासात आणि मोटार धुवायला वापरावं. कुंड्यांना सतत घातलं तर मातीत क्षार साचतात.

सगळं जोडून झालं की टीडीएस कंट्रोलर बंद ठेवून मशीन सुरू करायची. पहिल्या दोन टाक्या ओतून द्यायच्या, कारण मेंब्रेन टिकावं म्हणून लावलेलं रसायन त्यात उतरतं. टाकी भरायची वाट बघताना प्रत्येक जोडाखाली वर्तमानपत्राचा कोरडा तुकडा धरून बघावा. कागदावर ओल लगेच दिसते. झाकण लावण्याची घाई करू नये. बारीक गळती दाब चढल्यावर, म्हणजे अर्ध्या-पाऊण तासानं सुरू होते. रात्री झोपताना कॉक बंद आणि सकाळी परत एक नजर, इतकं केलं की ओट्याखालच्या फळ्या भिजत नाहीत.

टाकी भरून मशीन थांबली की ड्रेनची नळी बघायची. तीही दोन-चार मिनिटांत थांबायला हवी. वीज बंद असूनही वेस्ट वाहतच असेल तर एसव्हीत कचरा अडकलाय. मग परत चार आकडे घ्यायचे आणि मार्करनं मशीनच्या आतल्या बाजूला तारखेसह लिहून ठेवायचे. पुढच्या वेळी सर्व्हिसवाल्याशी बोलताना हा कोपरा फार उपयोगी पडतो.

यूव्हीचा दिवा निळा पेटलेला दिसतो म्हणून तो काम करतोय असं समजू नये. साधारण ८,००० तास झाले की उजेड तसाच राहतो, पण जंतू मारणारे किरण कमी होतात. चालू दिव्याकडे उघड्या डोळ्यांनी बघायचं नाही. यूएफच्या कांड्या वाळल्या की कामातून जातात, म्हणून काढून ठेवल्या तरी पाण्यात बुडवून ठेवाव्या.

एक प्रश्न मात्र सगळं बदलण्याआधी विचारावा: घरी आरओ लागतंच का? आयएस १०५०० मध्ये टीडीएसची स्वीकारार्ह मर्यादा ५०० आहे. तलावाचं पालिकेचं पाणी मुंबई-पुण्यात त्याच्या बरंच खाली असतं. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानंही ५०० पेक्षा कमी टीडीएसच्या पाण्याला आरओ नको, असा आदेश दिला होता. अशा घरात मेंब्रेन बाद झालं की नव्याचा खर्च करण्याआधी कार्बन, यूएफ आणि यूव्ही एवढ्यावर भागतं का ते बघावं. बारा महिने नळाचंच पाणी असेल तर भागतं. चार महिने टँकर असेल तर टँकरचं पाणी मोजून ठरवावं. टीडीएस मीटर जंतू दाखवत नाही आणि नायट्रेट, फ्लोराइड वेगळे काढून दाखवत नाही, त्यामुळे बोअर असेल तर एकदा प्रयोगशाळेतून पाणी तपासून घेणं आलंच.

गणपतीला किंवा मे महिन्यात गावी आठ-दहा दिवस जाणार असाल तर कॉक आणि वीज बंद करून टाकी पूर्ण रिकामी करून जावं. स्पन बदलायला आलाच असेल तर तो जाण्याआधी नव्हे, आल्यावर बदलावा. परत आल्यावर पहिली टाकी भरून ओतून द्यायची, दुसरी प्यायला.